मतदारसंघाची मेर कोणी आखावी?

शेताच्या मेरेवरून जेथे कधीच तंटा झाला नाही असे गाव आपल्या देशात शोधूनही सापडणे कठीण. रात्रीच्या वेळी शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरावा, दरवर्षी नांगराचे एक तास पलीकडे सरकवावे, आणि कोणी विचारलेच तर बांध पहिल्यापासून येथेच होता असे शपथेवर सांगावे, ही लबाडी फार जुनी आहे. पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याची मेर सारणाऱ्याला शापित म्हटले आहे, याचे कारण हेच की ही चोरी आवाज न करता होते, आणि ज्याचे गेले त्याला ते गेल्याचे पुष्कळ दिवस कळतही नाही.

ज्या मेरेविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत ती मात्र जमिनीवर दिसत नाही. ती नकाशावर असते. तिने धान्य वाटले जात नाही, पण राज्य चालविण्याचा अधिकार वाटला जातो. ही मेर म्हणजे मतदारसंघाची सीमा होय. ती कोणी आखावी, आणि याविषयी सामान्य लोकांचे मत काय आहे व त्या मताला किती किंमत आहे, याचा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या पालकांनी करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सीमा बदलावीच का, हे पाहू. लोक एका जागी स्थिर राहत नाहीत. एके ठिकाणी गिरण्या निघतात व माणसे तिकडे धाव घेतात, दुसरीकडे गावे ओस पडतात. जुनी सीमा तशीच ठेवली तर ओस गावातील दहा माणसांचे वजन शहरातील दहा हजारांएवढे होते. इंग्लंडात नेमके हेच झाले होते. ओल्ड सॅरम या ठिकाणी वस्ती अशी उरलीच नव्हती, तरी तेथून दोन प्रतिनिधी पार्लमेंटात जात. डनिच हे गाव बहुतेक समुद्राने गिळले, तरी त्याचे दोन प्रतिनिधी कायम होते. उलट लाखावर वस्तीच्या मँचेस्टर शहराला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. ही स्थिती सुधारावी म्हणून १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानात हजारो लोक शांतपणे जमले असता त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यात आले व कित्येक माणसे प्राणास मुकली. पुढे लोकमताचा रेटा इतका वाढला की १८३२ साली सुधारणेचा कायदा करणे भाग पडले. त्या कायद्याने असल्या ५६ नामधारी मतदारसंघांचे प्रतिनिधित्व समूळ गेले आणि मँचेस्टरला दोन प्रतिनिधी मिळाले.

तेव्हा सीमा बदलणे हा दोष नव्हे, ते कर्तव्यच आहे. दोष शिरतो तो आखणाऱ्याच्या मनातून. तो कसा शिरतो, हे एका लहान हिशेबावरून कळेल. एका वर्गात २५ मुले आहेत असे समजा. त्यांपैकी १५ जणांना हुतूतू हवा आहे व १० जणांना क्रिकेट. पाच पाच मुलांचे पाच गट पाडावयाचे, प्रत्येक गटाने बहुमताने एक प्रतिनिधी निवडावयाचा, आणि त्या पाच प्रतिनिधींनी खेळ ठरवावयाचा. आता गट पाडणाराच क्रिकेटचा चाहता असेल तर तो काय करील? तीन गटांत तो क्रिकेटची तीन तीन व हुतूतूची दोन दोन मुले घालील. चौथ्या गटात हुतूतूचीच पाच मुले कोंबील, आणि पाचव्यात हुतूतूची चार व क्रिकेटचे एक. निकाल असा लागेल की तीन प्रतिनिधी क्रिकेटचे व दोन हुतूतूचे. दहांनी पंधरांवर मात केली! एकाही मुलाचे मत खोटे नोंदले गेले नाही, कोणी पेटी पळविली नाही, मोजणीही चोख झाली, आणि तरीही अन्याय झाला. उलट हुतूतूच्या चाहत्याने प्रत्येक गटात तीन हुतूतूची व दोन क्रिकेटची मुले घातली तर पाचही प्रतिनिधी हुतूतूचे होतील, आणि क्रिकेटच्या दहा मुलांना बोलावयास एकही तोंड उरणार नाही. विरोधकांना थोड्या गटांत कोंबणे आणि उरलेल्यांना पुष्कळ गटांत विखरून टाकणे, या दोनच युक्त्यांत ही सारी विद्या सामावली आहे.

या विद्येला जे नाव पडले त्याची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली आपल्या पक्षाला सोयीच्या अशा नव्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यांतील एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्या नकाशाला पंख, नख्या व जबडा काढून त्याचे एक भयंकर जनावर बनविले. सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचे नाव व गव्हर्नरांचे आडनाव यांचा सांधा जोडून त्याला 'गेरीमँडर' म्हणण्यात आले, आणि तो शब्द इंग्रजी भाषेत कायमचा राहिला. त्या वर्षी राज्याच्या सीनेटच्या निवडणुकीत गेरींच्या पक्षाला मते कमी पडली, तरी ४० पैकी २९ जागा त्यालाच मिळाल्या. गव्हर्नरपदासाठी मात्र सीमेची युक्ती चालत नाही, कारण तेथे सारे राज्य हाच एक मतदारसंघ असतो. त्या पदाच्या निवडणुकीत गेरी पराभूत झाले.

मग न्यायालये काय करतात, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली असे ठरविले की मतदारसंघांच्या रचनेविषयीची तक्रार न्यायालये ऐकू शकतात, आणि १९६४ साली असे सांगितले की राज्याच्या विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे असले पाहिजेत. येणेप्रमाणे संख्येची विषमता बरीच दूर झाली. परंतु वर दिलेल्या आमच्या उदाहरणात पाचही गट संख्येने सारखेच होते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. संख्या सारखी ठेवूनही पक्षाची सोय साधता येते. या दुसऱ्या लबाडीविषयी त्याच न्यायालयाने २०१९ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की पक्षहितासाठी केलेल्या रचनेचा न्याय करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नव्हे. अर्थात हा प्रश्न राज्यांकडे, म्हणजे शेवटी लोकांकडे, परत आला.

लोकांनी काय केले, याचे एक उत्तम उदाहरण मिशिगन राज्यात घडले. तेथे सीमा आखण्याचे काम विधिमंडळाकडे होते, म्हणजे ज्याला शेत हवे त्याच्याच हाती मोजणीची साखळी होती. २०१६ साली एका तरुण स्त्रीने हे बदलावयाचे असे मनात घेतले व आपल्या परिचितांना साद घातली. राजकारणात पूर्वी न पडलेली माणसे पुढे आली. त्यांनी गावोगाव सभा घेऊन लोकांना नकाशे दाखविले, प्रश्न समजावून दिला, आणि मग सह्या गोळा केल्या. सुमारे ३ लाख १५ हजार सह्यांची आवश्यकता असता त्यांनी ४ लाखांहून अधिक सह्या सादर केल्या. विरोधकांनी हा प्रस्ताव मतदानास येऊच नये म्हणून फिर्याद केली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती फेटाळली. २०१८ च्या नोव्हेंबरात शेकडा ६१ मतदारांनी प्रस्तावाला संमती दिली.

त्या प्रस्तावाने तेरा नागरिकांचा एक आयोग स्थापन झाला. त्यात दोन मोठ्या पक्षांचे चार चार व कोणत्याही मोठ्या पक्षाचे नसलेले पाच सभासद असतात. अर्ज करणाऱ्यांतून त्यांची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे होते, आणि अधिकारपदावर असलेल्या वा निवडणुकीस नुकत्याच उभ्या राहिलेल्या माणसाला तेथे प्रवेश नाही. नकाशा तयार करण्यापूर्वी व नंतर त्यांनी जाहीर सभा घेऊन लोकांचे म्हणणे ऐकावयाचे असते. यहोशवाच्या पुस्तकातील शिलो येथील वाटणीची आठवण आम्हांस येथे होते. प्रत्येक वंशातून तीन तीन माणसे देशभर फिरली, त्यांनी भूमीचे सात भाग लिहून आणले, आणि मग चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. भाग पाडताना कोणता भाग कोणास जाणार हे ठाऊक नव्हते, म्हणूनच भाग सारखे पाडण्याची बुद्धी झाली. आपल्याकडेही दोघा भावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावे व दुसऱ्याने आधी उचलावे, असे शहाणी माणसे सांगतात. त्यातील तत्त्व हेच.

असा आयोग कधी चुकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. मिशिगनच्या आयोगाने आखलेल्या डेट्रॉइट भागातील १३ मतदारसंघांत वंशाचा विचार अवाजवी झाला, असे २०२३ च्या डिसेंबरात तेथील संघराज्य न्यायालयाने ठरविले व ते पुन्हा आखावे लागले. तथापि ज्याचे काम उघड्यावर चालते त्याची चूकही उघड्यावर दिसते, आणि दिसलेली चूक दुरुस्त होऊ शकते.

आता या विषयातील खरी अडचण सांगावयाची आहे. सीमा न्यायाने आखाव्या काय, असे विचारले तर 'नको' म्हणणारा मनुष्य क्वचितच भेटेल. परंतु न्यायाची रेषा स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊ लागली म्हणजे काय होते? मिसूरी राज्यातील मतदारांनी २०१८ साली शेकडा ६२ मतांनी सीमा आखण्याची सुधारलेली रीत स्वीकारली, आणि दोनच वर्षांनी, २०२० साली, निसटत्या बहुमताने ती बदलून टाकली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी २००८ व २०१० साली हे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपविले होते. पण २०२५ साली टेक्सास राज्याने जनगणनेची वाट न पाहता मध्येच रिपब्लिकन पक्षाला सोयीचा नवा नकाशा केला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या आयोगाने केलेला काँग्रेसचा नकाशा काही वर्षांपुरता बाजूला ठेवून डेमोक्रॅटिक पक्षाला सोयीच्या नकाशास मोठ्या बहुमताने संमती दिली. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आम्हीही कोरतो, असे एका बाजूचे म्हणणे. एकट्यानेच नियम पाळून उपाशी राहावे काय, हा त्यांचा प्रश्न पोकळ नाही. पण दोघेही कोरू लागले म्हणजे शेवटी बांध उरत नाही, हेही तितकेच खरे. लोकमताची कसोटी लागते ती येथे. दुसऱ्याने केलेल्या अन्यायावर रागावणे सोपे असते. आपल्या लाभाच्या अन्यायाला 'नको' म्हणणे फार थोड्यांना साधते.

आपल्या देशात ही व्यवस्था निराळी आहे व तिची माहिती प्रत्येक विद्यार्थ्यास असावी. आपल्याकडे सीमा आखण्यासाठी कायद्याने स्वतंत्र परिसीमन आयोग नेमला जातो. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे होते. २००१ च्या जनगणनेवरून त्यांनी आखलेले मतदारसंघ २००८ पासून अमलात आले. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ व विधानसभेच्या २८८ मतदारसंघांची रचनाही त्यातच झाली. राज्यातील काही खासदार व आमदार आयोगाला साहाय्य करतात, पण त्यांना तेथे मत नसते. आयोगाने आपला मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवावयाच्या आणि जाहीर बैठकीत त्या ऐकावयाच्या, असे कायद्यात सांगितले आहे. राज्याराज्यांतील जागांची संख्या मात्र १९७६ साली गोठविण्यात आली, कारण ज्या राज्यांनी लोकसंख्येला आळा घातला त्यांचे त्यामुळे नुकसान होऊ नये अशी इच्छा होती. २००१ साली ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक मताचे वजन सारखे असावे हेही न्याय्य, आणि शहाणपणाने वागणाऱ्या राज्याला दंड होऊ नये हेही न्याय्य. या दोहोंचा मेळ घालणे हे आपल्या पिढीपुढील कठीण काम आहे.

यास्तव आमची पालकांना विनंती आहे की आपल्या भागाच्या सीमेचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा तो रद्दीत टाकू नये. बाजार, शाळा, नदी, रस्ता यांनी एकत्र बांधलेली गावे विनाकारण तोडली आहेत काय, एखादी वस्ती दूरच्या मतदारसंघाला शेपटासारखी जोडली आहे काय, हे पाहावे, आणि हरकत असेल तर मुदतीत लेखी कळवावी. विद्यार्थिमित्रांनी वर दिलेला २५ मुलांचा हिशेब घरी कागदावर करून पाहावा. प्रथम क्रिकेटच्या बाजूने, मग हुतूतूच्या बाजूने, आणि तिसऱ्या खेपेस दोघांनाही मान्य होईल अशा रीतीने गट पाडावेत. तिसरी खेप सर्वांत कठीण वाटेल. अठरा वर्षे पूर्ण होऊन मताचा अधिकार हाती येईल तेव्हा तीच खेप त्यांना उपयोगी पडणार आहे.