जुन्या लेन्सला नव्या कॅमेऱ्याची जोड

धामणगाव रेल्वे, प्रतिनिधी - फिल्म रोलचा जमाना मागे पडला, डार्करूम बंद झाल्या आणि स्टुडिओचालकांच्या व हौशी छायाचित्रकारांच्या कपाटांत झेनिट, पेंटॅक्स, याशिका, निकॉन अशा कंपन्यांचे जुने कॅमेरे पडून राहिले. धामणगाव रेल्वेसारख्या लहान गावात रोल धुऊन मिळणे अवघड झाले, म्हणून कॅमेरा अडगळीत गेला. मात्र त्याच्या पुढची लेन्स अद्याप निकामी झालेली नाही. ती भंगारात देण्यापूर्वी डिजिटल कॅमेऱ्यावर वापरता येते का, हे पाहणे हिताचे ठरेल.

यात कळीचा मुद्दा अंतराचा आहे. लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या आट्यांच्या, म्हणजे 'एम ४२' लेन्ससाठी ते ४५.४६ मिलिमीटर आहे. कॅननच्या ईएफ डीएसएलआरमध्ये ते ४४ मिलिमीटर असल्याने मधल्या फरकात पातळ अडॅप्टर रिंग बसते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये मात्र हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. तेथे लेन्स मुळातच एक मिलिमीटर पुढे राहते. परिणामी, जवळचा चेहरा स्पष्ट येतो. पण गावाच्या टोकाची पाण्याची टाकी धूसरच राहते. स्वस्त रिंग घेऊन फसगत होते ती येथेच. या रिंगमध्ये काच बसवून दोष दूर करतात, पण त्यामुळे चित्राचा दर्जा सहसा घसरतो.

मिररलेस कॅमेऱ्यांनी हा प्रश्न जवळपास सोडवला. आरसा नसल्याने सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८, कॅनन आरएफमध्ये २०, तर निकॉन झेडमध्ये अवघे १६ मिलिमीटर आहे. त्यामुळे रोलच्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या बहुतेक लेन्स योग्य अडॅप्टरने त्यांवर चालतात.

निकॉन डीएसएलआरधारकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. १९७७ मध्ये 'एआय' पद्धत आली. त्यापूर्वीची, बदल न केलेली लेन्स नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांवर चढवल्यास बॉडीवरील नाजूक भाग मोडू शकतो. लेन्स बळाने फिरवू नये, आधी माहितीपुस्तिका पाहावी.

लेन्स बसल्यावर कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्सविना शटर चालवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. अ‍ॅपर्चर लेन्सवरील कड्यानेच बदलावे लागते. लेन्सवर 'ए' व 'एम' असे बटन असेल, तर ते 'एम'वर ठेवावे. अन्यथा कडे फिरवूनही पडदा उघडाच राहतो. प्रथम अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, स्क्रीनवरील चित्र मोठे करून फोकस साधावा आणि मग हवे तितके मिटावे. ऑटोफोकस नसल्याने धावत्या मुलांची छायाचित्रे हुकतील. स्थिर चेहरा, फुले, वेचणीला आलेले कापसाचे बोंड यांसाठी मात्र ही संथ रीत उत्तम. झेनिटसोबत येणारी ५८ मिलिमीटरची हेलिओस १.५ पट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर ८७ मिलिमीटरइतका दृश्यकोन देते, म्हणजे व्यक्तिचित्रासाठी ती सोयीची होते. जुन्या काचांवरील लेप साधे असल्याने समोरून ऊन आल्यास चित्र फिकटते. त्यासाठी हूड लावावे.

घेण्यापूर्वी लेन्समधून दिव्याकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. वऱ्हाडातील उन्हाळा कोरडा असला, तरी पावसाळ्याच्या दमट महिन्यांत बंद कपाटात, चामड्याच्या पेटीत ती वाढते आणि कालांतराने काचेवर कायमचे डाग पाडते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल उतरले आहे का, फोकसचे कडे सहज फिरते का, हेही तपासावे. किंचित धूळ असली, तर चित्रात सहसा फरक पडत नाही. चांगली लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.

नव्या लेन्सची किंमत पाहून ज्यांचा छंद अडला आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग कमी खर्चाचा आहे. वडिलांनी जपलेली एखादी लेन्स घरात असेल, तर खर्च केवळ अडॅप्टरचा!