इनामगावचे पाच खोल्यांचे घर

ब्रिटनमध्ये शेतांखाली रोमन जमीनदारांच्या वाड्यांची रंगीत फरशी सापडते. आपल्या बंगळुरूत यशवंतपूरला रोमन नाणी मिळाली आहेत, पण वाडा नाही. मी मात्र त्या वाड्यांहून हजारभर वर्षे जुन्या शेतकऱ्याच्या घराबद्दल लिहिणार आहे. ते आमच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला आहे. सहावीच्या पुस्तकात त्यावर थोडेसेच होते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावे. घरे कुडाची. मग तीन हजार वर्षांनी त्यांचे काय उरणार? कॅम्प उठल्यावर मैदान पाहा. तंबू गेलेला असतो, पण खुंट्यांची भोके राहतात आणि त्यावरून कोणता तंबू कुठे होता ते सांगता येते. खांब कुजला की खड्ड्यात वेगळ्या रंगाची माती भरते. असे खड्डे जोडत गेले की घराचा आराखडा मिळतो.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर निघाले. शेजारी धान्याचे कोठार, त्यात पेवे आणि कणग्या ठेवायचे गोल ओटे. अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष पुरला होता. बाकीच्या मोठ्या माणसांची पावले तोडून त्यांना पुरत. याची पावले शाबूत होती. म्हणून अभ्यासक त्याला गावचा प्रमुख मानतात. मला हा पुरावा पटतो, कारण कोठार ज्याच्या दारात, त्याचाच शब्द गावात चालणार.

रविवारी फोनवर आजोबांना पाटाबद्दल सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी कुठून घेत होते?" ते घोडच्या पुराचे पाणी बांध घालून वळवत. जव, गहू, मसूर पिकत. इ.स.पू. 1000 नंतर मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवर भर वाढला. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला होता. आजोबा म्हणाले, "मग पाट असून काय उपयोग?" त्यांच्या बोअरला यंदा फेब्रुवारीपासून पाणी नाही. इनामगावची ती वस्ती इ.स.पू. 700 च्या सुमारास उठली.