स्तंभाच्या माथ्यावरची पर्ची

भोपाळ शहर उत्तरेकडे बैरसियाच्या वाटेला लागते त्या बाजूस करोंद आहे, आणि करोंद म्हटले की भोपाळकराच्या डोळ्यांपुढे पहिल्याने तेथील धान्याची मंडी येते. शेतकऱ्याची ट्रॉली फाटकातून आत शिरली की प्रवेश पर्ची, नीलामीत बोली तुटली की अनुबंध पत्रक, तुलावट्याने काटा केला की तौल पर्ची आणि रक्कम चुकती होताना भुगतान पत्रक, अशा चार कागदांच्या आधाराने गव्हाची ढेरी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. मजकूर नसलेल्या ढेरीला येथे किंमत नाही. 14 एप्रिल 2016 रोजी केंद्र सरकारने ई-नाम हा राष्ट्रीय कृषी बाजार आठ राज्यांतील ज्या 21 मंड्यांत सुरू केला, त्यांत करोंदचीही गणना होती. तेव्हापासून भावांचे आकडे चोपडीतून पडद्यावर आले, आणि पडद्यावर आकडे आले की मागोमाग त्यांचे आलेख येणारच.

मला मात्र मंडीचा इतिहास लिहावयाचा नसून, आलेख काढणाऱ्या यंत्राच्या एका किरकोळ वाटणाऱ्या अवयवाचा परिचय करून द्यावयाचा आहे. संकेतस्थळांसाठी आलेख रेखाटणाऱ्या तयार आज्ञासंचांना संगणकवाले ‘लायब्ररी’ म्हणतात (ग्रंथांशी तिचा काडीचाही संबंध नाही), आणि स्तंभाच्या माथ्यावर किंवा रेषेच्या बिंदूपाशी जो आकडा छापला जातो त्याला डेटा लेबल म्हणतात. माझ्या मते तीच आलेखाची तौल पर्ची.

तिची आवश्यकता पटवण्यास गव्हाच्या आधारभूत किमतीचे उदाहरण पुरे आहे. क्विंटलमागे ही किंमत 2021-22 च्या रब्बी विपणन हंगामास 1975 रुपये होती. पुढे अनुक्रमे 2015, 2125, 2275 अशी चढत ती 2025-26 मध्ये 2425 झाली. वाढ साधारण 23 टक्क्यांची. आता या पाच आकड्यांचे स्तंभ काढून उभा अक्ष शून्याऐवजी 1900 पासून सुरू करा: पहिल्या स्तंभाच्या वाट्यास 75 रुपयांची उंची येईल, शेवटच्याच्या वाट्यास 525 ची, आणि भाव चार वर्षांत सातपट झाला असा बोध पाहणाऱ्यास होईल. असत्य असे कोणी काहीच बोललेले नसते, अक्षावरही 1900 हा आकडा प्रामाणिकपणे लिहिलेला असतो. परंतु अक्ष वाचतो कोण? त्या स्तंभांच्या डोक्यांवर 1975 आणि 2425 एवढे दोन आकडे बसवले, की डोळ्याने केलेली चूक मन तेथल्या तेथे दुरुस्त करून घेते.

आलेख रेखाटणाऱ्या या लायब्ऱ्यांतील दोन प्रसिद्ध आहेत, आणि दोघींची जन्मकथा मोठी घरगुती आहे. नॉर्वेतील व्हीक या गावच्या टॉर्स्टेन हन्सी यांना घराजवळच्या डोंगरावरील बर्फाची खोली स्वतःच्या संकेतस्थळावर दाखवावयाची होती. त्या हौसेतून 2009 मध्ये हायचार्ट्स निघाली. तिच्याही आधी, 2002 मध्ये, पल्लव नधानी या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने कोलकात्यात फ्यूजनचार्ट्सचा पाया घातला होता.

हायचार्ट्समध्ये वर्तुळालेखाची लेबले आपोआप उमटतात, रेषेची व स्तंभाची मात्र मागावी लागतात; ‘डेटालेबल्स’ या सदराखाली ‘एनेबल्ड’ला होकार दिला की आकडे दिसू लागतात, आणि नवशिक्याला वाटते की काम संपले. वस्तुतः ते तेथे सुरू होते. यंत्र प्रत्येक लेबल आधी लिहून पाहते, त्याने व्यापलेल्या चौकटीची लांबीरुंदी ब्राउझरकडून मोजून घेते, आणि दोन चौकटी एकमेकींवर चढत असतील तर त्यांतील एक गुपचूप काढून टाकते. काढल्याची नोंद नाही, दाखला नाही. कोणते लेबल राहावे हे ‘लेबलरँक’ या मानाने ठरवता येते, म्हणजे दरबारात मानकऱ्यांचा क्रम लावावा तसे. तो क्रम आपण लावला नाही तर निवड यंत्राच्या मर्जीवर जाते.

हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. वर्षभराच्या सोयाबीनच्या भावांची रेषा त्याने मला त्याच्या मोठ्या पडद्यावर दाखवली तेव्हा सारे आकडे जागच्या जागी होते. घरी येऊन तीच रेषा मी फोनवर उघडली तर निम्मे बेपत्ता, आणि त्यांत नेमका वर्षाचा नीचांक. विचारले तर म्हणाला, “मामा, ते लायब्ररीनं लपवलंय, मी नाही.” जुना मुनीम असे उत्तर देता तर त्याच दिवशी त्याचा हिशेब चुकता झाला असता. पुढे त्याने ‘अलाउओव्हरलॅप’ला परवानगी देऊन सगळे आकडे परत आणले, तेव्हा ते एकमेकांच्या अंगावर इतके पडले की एकही धड वाचता येईना.

संख्येच्या लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. फ्यूजनचार्ट्स 142500 या आवकेचे आपल्या मूळ स्वभावानुसार 142.5के असे रूप करते. ‘थाउजंडसेपरेटरपोझिशन’पुढे ‘2,3’ लिहिले आणि संक्षेपाची सवय बंद केली, की तोच आकडा 1,42,500 असा आपल्या वळणाने उभा राहतो. संक्षेपच हवा असेल तर हजारानंतर दोनदा शंभराची पायरी सांगून लाख आणि कोटी ही एककेही देता येतात. कोलकात्यात जन्मलेल्या यंत्राला लाख शिकवावा लागतो याची मला गंमत वाटते. ब्राउझरच्या अंकलेखन व्यवस्थेला ‘एमआर-आयएन’ सांगितले तर १,४२,५०० असे देवनागरी अंकही मिळतात; मात्र अक्षरवळण (फॉन्ट) उशिरा पोहोचले तर आधी घेतलेले माप चुकते आणि नीट बसलेली लेबले पुन्हा एकमेकांवर चढतात.

मंडीच्या भावपत्रकात किमान, कमाल आणि मॉडल असे तीन रकाने असतात. मॉडल म्हणजे ज्या भावाने अधिकांश माल विकला गेला तो भाव. भाच्याने पुढे एका रेषेऐवजी या तिन्हींच्या तीन रेषा काढून तिन्हींवर आकडे लावले होते. मी त्याला घेऊन मंडीत गेलो आणि काट्याजवळ टेकलेल्या एका वृद्ध तुलावट्याच्या हाती फोन दिला. त्याने रेषांकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, “मॉडल कौन-सा है इसमें?”

त्या रात्री भाच्याने किमान आणि कमाल या दोन रेषांची लेबले काढून त्यांच्या जागी फिकट पट्टा ठेवला. मॉडलच्या रेषेवर त्याने ‘फॉरमॅटर’ ही लेबलाचा मजकूर ठरवणारी आज्ञा लिहून चारच आकडे राखले: वर्षारंभीचा, उच्चांक, नीचांक आणि आजचा. लेबलरँकमध्ये सर्वांत वरचा मान त्याने नीचांकाला दिला.