एक कोटी लोक, पाच खुर्च्या

लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी टेंपल स्ट्रीटवर ‘केनेथ हान हॉल ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही सरकारी इमारत आहे. महिन्यातल्या बहुतेक मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता तिथल्या ३८१ बी क्रमांकाच्या सभागृहात लॉस एंजेलिस काउंटीच्या ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’ची नियमित सभा भरते. सभासद फक्त पाच आणि त्यांच्या हाती कारभार एक कोटी लोकांचा. २०२० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या १ कोटी १४ हजार भरली. अमेरिकेच्या पन्नासपैकी चाळीस राज्यांत याहून कमी माणसं राहतात. एकेका सुपरवायझरच्या वाट्याला सुमारे वीस लाख लोक येतात, म्हणजे मतदारसंघ जवळजवळ आपल्या खासदाराएवढा.

या पाच जणांपुढे कोणीही माणूस जाऊन उभा राहू शकतो आणि ठरावावर मतदान होण्याआधी आपलं म्हणणं मांडू शकतो. बेघर माणूस, तुरुंगातल्या कैद्याची आई, रुग्णालयातली परिचारिका, करोडपती बिल्डर, सगळ्यांना तोच माइक आणि तेवढाच वेळ. एवढ्या अवाढव्य यंत्रणेला हे दार दर सभेला उघडावंच लागतं, कारण कायदाच तसा आहे. मला या सभेचं सर्वांत मोठं नवल वाटतं ते याचं.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण आपल्याकडे जी कामं जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि काही प्रमाणात महापालिका अशी वाटून घेतात, त्यांतली बरीचशी तिथे या एका मंडळाकडे असतात. सार्वजनिक रुग्णालयं, तुरुंगांचा खर्च, अनाथ आणि पीडित मुलांची काळजी, गरिबांचं साहाय्य, ग्रंथालयं, समुद्रकिनारे, मतदार नोंदणी, जमिनीचे दस्त, अगदी दुकानातल्या वजनमापांची तपासणीही. कर्मचारी एक लाखाहून अधिक, वर्षाचा अर्थसंकल्प ४५ अब्ज डॉलरच्या वर. काउंटीचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ, सरकारी वकील आणि मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर हे तिघे जनतेतून वेगळे निवडून येतात, पण त्यांच्याही खात्यांना पैसा मंजूर करायचा तो याच सभेने. नियम करणं, ते राबवणं आणि काही बाबतींत अपिलं ऐकून निवाडा देणं ही तिन्ही कामं एकाच मंडळाकडे आहेत.

काउंटीत ८८ स्वतंत्र शहरं आहेत. त्यांना आपापले महापौर आणि नगरसभा आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भारतीयांच्या ओळखीचं आर्टेशिया त्यांपैकीच एक. तिथल्या पायोनियर बुलेव्हार्डवरच्या ‘लिटल इंडिया’त साड्यांची, मिठाईची आणि किराण्याची दुकानं आहेत. आर्टेशियाचं स्वतःचं पोलीस दल नाही. शहर करार करतं आणि बंदोबस्त काउंटीचा शेरीफ पाहतो. मात्र सुमारे दहा लाख लोक अशा भागांत राहतात, की जिथे शहरच नाही. त्यांची ग्रामपंचायत म्हणा, नगरपालिका म्हणा, सर्व काही हे पाच सुपरवायझर. ७ जानेवारी २०२५ ला पेटलेल्या ईटन आगीत ९ हजारांहून जास्त बांधकामं जळाली. तिने ज्या आल्टाडेनाची राखरांगोळी केली, ते अशा भागांतलंच एक. तिथे महापौर नाही. घर पुन्हा बांधायचा परवाना, रस्ते, भाडेकरूंना संरक्षण, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर टेंपल स्ट्रीटवरच मागावं लागलं. त्या महिन्यांत आल्टाडेनाची माणसं या सभागृहात का येत राहिली, ते यावरून कळेल.

सभेची घडी बसवली आहे ‘ब्राउन अ‍ॅक्ट’ या कायद्याने. १९५२ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे बातमीदार मायकेल हॅरिस यांनी एक लेखमाला लिहिली. स्थानिक मंडळं महत्त्वाचे निर्णय खासगी बैठकांत कसे उरकतात आणि जाहीर सभेत फक्त हात वर करतात, हे त्यांनी नावागावानिशी मांडलं. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतले सदस्य राल्फ ब्राउन यांनी विधेयक आणलं आणि १९५३ मध्ये गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी त्यावर सही केली. हेच वॉरन त्याच वर्षी अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. पुढे १९८६ च्या दुरुस्तीने विषयपत्रिकेचा आणि नागरिकांना बोलू देण्याचा नियम पक्का झाला.

या कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची. प्रत्येक विषयाचं थोडक्यात पण कळेल असं वर्णन द्यायचं. पत्रिकेवर नाही त्या विषयावर निर्णय नाही. आपल्याकडच्या सभांत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून एक मथळा असतो आणि त्याखाली काय काय पार पडतं, हे जिल्हा परिषदेच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. ब्राउन अ‍ॅक्टने ही वाट जवळजवळ बंद केली आहे. पत्रिका लावल्यानंतरच एखादी निकडीची गोष्ट कळली, तर दोन तृतीयांश मतांनी, म्हणजे पाचांत चौघांच्या संमतीने, ती घेता येते. संकटकाळाची तरतूद वेगळी आहे. बाकी काहीही असो, पुढच्या सभेपर्यंत थांबायचं.

सभेला येणाऱ्याला हजेरीसाठी नाव सांगायची सक्ती करता येत नाही. कोणीही चित्रीकरण करू शकतो. मंडळाच्या धोरणावर टीका केली म्हणून कोणाला गप्प बसवता येत नाही. मतदान गुप्त नसतं. दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला ठरलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. हा शेवटचा नियम २०१६ च्या दुरुस्तीतला. घरोघर स्पॅनिश, चिनी, कोरियन, आर्मेनियन, तागालोग बोलणाऱ्या काउंटीत त्याचं मोल फार मोठं आहे.

याच कायद्याचा आणखी एक परिणाम मला विलक्षण वाटतो. बहुसंख्य सभासदांनी सभेबाहेर एकत्र येऊन मंडळाच्या विषयावर चर्चा करायची नाही. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचं, अशी साखळीही करायची नाही. पाचांचं बहुमत तिघांचं. म्हणून प्रस्ताव तयार करताना एका सुपरवायझरला फार तर एका सहकाऱ्याशी बोलता येतं. तिसऱ्याच्या कानावर गेलं की कायदा मोडला. या मंडळाचे प्रस्ताव चाळले, तर वरती एक नाव असतं किंवा दोन. तिसरं सापडत नाही. उरलेल्या तिघांची मतं काय आहेत, ते प्रस्ताव मांडणाऱ्यांनाही सभेतच कळायचं. चर्चा दिखाऊ राहू नये, यासाठी याहून साधा उपाय क्वचितच कोणी केला असेल.

प्रत्यक्ष सभा सुरू होते ती प्रार्थना आणि राष्ट्रध्वजाच्या वंदनेने. मग मानपत्रं. लॉस एंजेलिसमध्ये नव्याने आलेल्या परदेशी वकिलातींच्या प्रमुखांचं स्वागत इथे होतं. काउंटीच्या निवारा केंद्रातलं एखादं कुत्रं किंवा मांजर सभागृहात आणून ‘याला घर हवं आहे’ असं सांगायची प्रथाही आहे. माइक अँटोनोविच हे सुपरवायझर ३६ वर्षं मंडळावर होते, त्यांनी ती आवडीने चालवली आणि त्यांच्या मागून आलेल्या कॅथरिन बार्गर यांनी पुढे नेली.

नंतरचा भाग पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकतो. पत्रिकेवरचे कितीतरी विषय एकाच मताने, एका दमात मंजूर होतात. कंत्राटांची मुदतवाढ, अनुदानं, नेमणुका, कोर्टातल्या दाव्यांच्या तडजोडी, सारं त्यात. ज्या विषयावर एखाद्या सुपरवायझरला बोलायचं आहे, तो आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो. कोट्यवधी डॉलर काही मिनिटांत मंजूर झाले असं वाटतं. खरं पाहता त्या विषयांचे कागद, खात्याचं पत्र, खर्चाचा तपशील, सर्व काही किमान तीन दिवस आधीपासून खुलं असतं. ज्याला वाचायचं आहे, त्याने वाचावं आणि येऊन बोलावं. मात्र नोकरी करणाऱ्या माणसाला मंगळवारची सकाळ मोकळी नसते आणि मिळणारा वेळ बरेचदा एक मिनिटाचा असतो. ही उणीव खरी आहे. आता फोनवरून बोलायची सोय झाल्याने ती थोडी कमी झाली आहे, संपलेली नाही.

शेवटी प्रत्येक सुपरवायझर आपल्या भागात नुकत्याच वारलेल्या माणसांची नावं वाचतो आणि सभा त्यांच्या स्मृत्यर्थ तहकूब होते. निवृत्त शिक्षक, अग्निशामक दलाचा जवान, चर्चमध्ये वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी बाई, अशांची नावं सरकारी नोंदीत कायमची राहतात.

मंडळाच्या इतिवृत्तात काय असतं, ते एका प्रकरणावरून पाहू. १९१२ मध्ये विला ब्रूस या कृष्णवर्णीय स्त्रीने मॅनहॅटन बीच इथे समुद्रकाठी जागा घेतली. तिने आणि तिचे पती चार्ल्स यांनी कृष्णवर्णीय लोकांसाठी तिथे विश्रामधाम उभारलं, कारण इतर बहुतेक किनाऱ्यांवर त्यांना थारा नव्हता. गोऱ्या शेजाऱ्यांनी छळ केला. १९२४ मध्ये मॅनहॅटन बीचच्या नगरसभेने बगिचा करायचा म्हणून जमीन सक्तीने संपादन करायला घेतली आणि ती ब्रूस कुटुंबाच्या हातून गेली. पुढे ती राज्याकडे आणि १९९५ मध्ये काउंटीकडे आली. २० एप्रिल २०२१ च्या सभेत जेनिस हान आणि हॉली मिचेल या दोन सुपरवायझरांच्या नावाने प्रस्ताव आला, की जमीन वारसांना परत द्यायची तयारी सुरू करावी. जागा देताना राज्याने हस्तांतराची मनाई केली होती. ती उठवायला राज्याचा कायदा लागला, त्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये सही झाली. मग २८ जून २०२२ च्या सभेत मंडळाने पाच विरुद्ध शून्य मतांनी जमीन परत दिली. काउंटीच्या जीवरक्षकांचं कार्यालय त्याच जागेवर होतं, म्हणून काउंटीने वर्षाला ४ लाख १३ हजार डॉलर भाड्याने ती जागा वारसांकडून घेतली. करारात विक्रीचा पर्याय होता. जानेवारी २०२३ मध्ये कुटुंबाने तो वापरून २ कोटी डॉलरला जमीन काउंटीला विकायचं ठरवलं.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा अन्याय एका साध्या मंगळवारी, कंत्राटांच्या आणि नेमणुकांच्या विषयांसोबत पत्रिकेवर येतो आणि दूर होतो. इतिवृत्तात त्यासाठी वेगळा सूर लागत नाही. विषयाचा क्रमांक, प्रस्ताव कोणाचा, कोण कोण बोललं, सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने कोणी मत दिलं आणि विरोधात कोणी, जोडलेले कागद कोणते, एवढीच नोंद. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या हजारो दाव्यांपोटी ४ अब्ज डॉलरची तडजोड २९ एप्रिल २०२५ ला याच मंडळाने मंजूर केली. स्वतःच्या संस्थांत घडलेल्या गुन्ह्यांची किंमतही त्याच सभेला, लोकांसमोर, नोंदवावी लागली.

या खुर्च्यांवर कोण बसलं, हाही मोठा इतिहास आहे. इमारतीला ज्यांचं नाव आहे, ते केनेथ हान १९५२ ते १९९२ अशी सलग ४० वर्षं सुपरवायझर होते. जेनिस हान या त्यांच्या कन्या. इतकी वर्षं टिकून राहणाऱ्या या पाच जणांना लोक ‘पाच छोटे राजे’ म्हणायचे. २००२ मध्ये मतदारांनी चार-चार वर्षांच्या तीन मुदतींची मर्यादा घातली. १९९० मध्ये न्यायालयाने लॅटिनो मतदारांची ताकद विभागून टाकणारी मतदारसंघांची आखणी रद्द ठरवली, तेव्हा १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. आणि २०२० च्या निवडणुकीनंतर पाचही जागांवर स्त्रिया बसल्या, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा.

मंडळ स्थापन झालं १८५२ मध्ये. १९१२ मध्ये मतदारांनी काउंटीची सनद मंजूर केली तेव्हा लोकसंख्या सुमारे पाच लाख होती आणि सभासद पाच. लोकसंख्या वीसपट झाली, खुर्च्या पाचच राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी थोडक्या बहुमताने ही संख्या नऊ करायचा आणि मुख्य कार्यकारी अधिकारी जनतेतून निवडायचा कौल दिला. कार्यकारी अधिकाऱ्याची निवडणूक २०२८ मध्ये आणि नऊ सभासदांचं मंडळ २०३२ च्या निवडणुकीनंतर, असं ठरलं. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता. मात्र त्यात एक गोष्ट बदलेल: नवांचं बहुमत पाचांचं, म्हणजे सभेबाहेर चौघांना आपसात बोलायला मोकळीक मिळेल.

आपल्याकडे नागरिकाला उभं राहून बोलायचा हक्क आहे तो ग्रामसभेत. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत त्याने सदस्याच्या तोंडून बोलायचं. विषयपत्रिका सर्व कागदांसह तीन दिवस आधी लोकांसमोर ठेवायची आणि मतदानाआधी नागरिकाला एक मिनिट द्यायचं, यासाठी फार पैसा लागत नाही. आपल्या जिल्हा परिषदांनी आणि महापालिकांनी एवढं तरी करून पाहावं.

ही सभा संगणकावर कोणालाही थेट पाहता येते, विषयपत्रिका आणि इतिवृत्त फुकट वाचता येतात. लॉस एंजेलिसचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात मंगळवारी रात्रीचे दहा, हिवाळ्यात अकरा. एखाद्या मंगळवारी जागून ही सभा जरूर पाहा.