काचेवरचा अदृश्य चांदीचा थर

शिकागोच्या हिवाळ्यात जुन्या घराच्या एकेरी काचेला हात लावा, बोटं काकडतात. हीटरची ऊब तिथूनच निसटते. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने घरं उबदार किंवा गार ठेवणाऱ्या ऊर्जेपैकी २५ ते ३० टक्के ऊर्जा खिडक्यांपायी खर्ची पडते.

नव्या खिडकीत दोन काचा असतात आणि मधल्या फटीत आर्गॉन वायू. हवेच्या मानाने तो उष्णता सुमारे दोन तृतीयांशच वाहून नेतो. पण खरी करामत चांदीची! काचेच्या आतल्या बाजूवर तिचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात. उजेड त्यातून आरपार येतो. भिंतींतून, सामानातून, माणसांच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण मात्र तो खोलीत परत धाडतो. साधी काच ते शोषून घेते आणि ती उष्णता बाहेर जाते. तेलटंचाईच्या १९७०च्या दशकात अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने अशा थरांच्या संशोधनाला बळ दिलं.

तरी सगळ्या खिडक्या एकदम बदलू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. खर्च वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात. आधी चौकटीच्या फटी बुजवा. मग नवी खिडकी घेताना लेबलवरचा यू-फॅक्टर, म्हणजे खिडकीतून उष्णता किती निसटते त्याचा आकडा, बघा: अमेरिकी मापात एकेरी काचेचा जवळपास १, तर चांगल्या दुहेरी खिडकीचा ०.३० किंवा त्याहून कमी.