तीन तास वीस मिनिटांचा हिशेब

बँकेत उमेदवारी ते निवृत्ती असा प्रवास केलेल्या माणसाला आकडा दिसला की त्याची बेरीज करून पाहण्याची खोड असते. डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अहवालातले शाळेचे वेळापत्रक वाचताना माझेही तेच झाले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने ही समिती नेमली. समितीने साडेपाच तासांचा दिवस असा वाटला : मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि मधल्या सुट्टीला १०. वर्षाचे कामाचे दिवस २८८. म्हणजे टकळी-चरख्याला वर्षाकाठी ९६० तास आणि बाकी सगळ्या विषयांना मिळून अवघे ५२८! आजच्या पालकाने असले वेळापत्रक पाहिले तर तो दुसऱ्याच दिवशी मुलाचा दाखला काढून आणील.

पण या हिशेबात एक मेख आहे. त्या ९६० तासांत केवळ सूत निघावे, ही अपेक्षाच नव्हती. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. आज किती तार झाले, गुंडी पुरी व्हायला किती उरले, एका पौंडात किती गुंड्या बसतात आणि त्यावरून सुताचा नंबर कोणता : गुणाकार, भागाकार, त्रैराशिक, सगळे मुलाच्या मांडीवरच पडलेले असे. वर्धा जिल्हा कापसाचा. सरकीपासून बाजारभावापर्यंत भूगोल आणि अर्थशास्त्र दाराशीच उभे. गणिताची तासिका वेगळी थोडी आहे, कारण गणित दिवसभर चालू आहे.

अर्थात हे सारे शिक्षकावर अवलंबून. टकळी कोणत्या क्षणी थांबवायची आणि कोणता प्रश्न विचारायचा, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती ते ३ तास २० मिनिटे म्हणजे निव्वळ मजुरी. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमांतून निघावा या कल्पनेला प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच हरकत घेतली होती, आणि मला ती रास्त वाटते. उत्पन्नावर नजर ठेवून शिकवणारा गुरुजी आणि ठेवींच्या उद्दिष्टापायी ग्राहकाचा चेहरा न पाहणारा शाखाधिकारी, दोघे एकाच माळेचे मणी.

सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने हे जमवून दाखवले, पण पुढे इतरत्र काय झाले? उद्योग वेळापत्रकातल्या एका चौकोनात गेला. कार्यानुभवाची तासिका, मग घंटा, मग गणित. कागदाची फुले करताना कोणी वर्तुळाचा विषय काढीत नाही आणि वर्तुळ शिकवताना कोणाच्या हाती कागद नसतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले. दिवसाला चार तास पडतात. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीची कामे कायद्यानेच शिक्षकांच्या गळ्यात ठेवली आहेत. तास भरल्याची नोंद हजेरीपटावर होते. त्या तासात मुलाचे डोके किती वेळ चालले, याचा रकाना मात्र मला कुठल्याच नोंदवहीत सापडलेला नाही.

सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा भरते आहे. तिथे मुले शेतात वाफे आखतात, आणि क्षेत्रफळ तिथेच निघते.