लॅपटॉपचें दुखणें

2024 सालच्या दिवाळीनंतर आमच्या कंधारच्या घरांत एक चमत्कारिक दुखणें शिरलें. दुखणाईत मनुष्य नव्हे, तर धाकट्या सूनबाईंचा लॅपटॉप. काम सुरळीत चाललें असतां पडदा एकाएकीं निळा होई, त्यावर एक दुर्मुखलेलें तोंड उमटे, आणि थोड्याच वेळांत यंत्र आपण होऊन बंद पडून पुन्हां सुरू होई. कधीं दिवसांतून दोनदां, तर कधीं तीन दिवस कांहींच नाहीं. सूनबाई स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासाठीं पीएच्. डी. चा प्रबंध लिहीत होत्या व फाल्गुनाच्या आंत तो सादर करावयाचा होता. एका दुपारचें सगळें लेखन असें नाहींसें झालें, तेव्हां त्या माजघरांत जाऊन मुकाट्यानें रडल्या. हें आम्हांस रात्रीं मंडळींकडून कळलें.

घरांत माणसें आठ. तेव्हां निदानेंही आठ. कोणी विजेच्या लपंडावास दोष दिला, कोणी उष्णतेस, कोणी व्हायरसास. पण बहुमत पडलें तें आमच्या अकरा वर्षांच्या नातवाविरुद्ध, कारण तो त्यावर गेम खेळतो. लिहितांना संकोच वाटतो, पण आम्हींही त्यास पुढ्यांत उभें करून दरडावलें. "आबा, मी कांहीं केलं नाहीं हो," एवढेंच तो म्हणाला. चौतीस वर्षें वर्गांत काढल्यावर खरें बोलणारें पोर आम्हांस ओळखतां यावयास हवें होतें. त्या दिवशीं तें ओळखतां आलें नाहीं. गेम बंद झाला. यंत्र बंद पडावयाचें तें पडतच राहिलें. तेव्हां पोरानें पूर्वींच कांहीं बिघडवून ठेविलें असावें, असा निकाल झाला!

पुढें लॅपटॉप नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. तेथें चार दिवसांत तो एकदांही बंद पडला नाहीं. तरीही मदरबोर्ड बदलावा, खर्च अठरा हजार, असा अभिप्राय मिळाला. बिघाड दिसलाच नाहीं आणि तरी अवयव बदलावयाचा, हें आम्हांस रुचेना. आम्ही पडलों मॅट्रिक. संगणकविद्येशीं आमचा कांहीं संबंध नाहीं. पण लहानपणीं तर्कसंग्रह घोकलेला, आणि त्यांतील अन्वय-व्यतिरेक यंत्रालाही लागू पडावयास हरकत नव्हती. जें असतां बिघाड होतो व जें नसतां होत नाहीं, तें शोधावयाचें. दुकानांत नव्हतें आणि घरीं आहे असें काय?

आम्हीं एक शंभर पानी वही आणवून ती आरोपीच्याच हातीं दिली. यंत्र बंद पडलें कीं नातवानें वेळ लिहावयाची, वीज होती कीं नाहीं, चार्जर लावलेला होता काय, कोणतें काम चाललें होतें, वाय-फाय चालू होतें कीं बंद. पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. वीज, चार्जर, वेळ यांचा कांहींच मेळ बसेना. मात्र अकराही वेळां वाय-फाय चालू होतें, आणि त्यांतल्या सात वेळां मार्गदर्शकांशीं व्हिडिओवर बोलणें किंवा मोठी फाइल पाठविणें चाललें होतें. मग आम्हीं लॅपटॉप दोन दिवस शेतावर नेला. तेथें वाय-फाय नाहीं. सूनबाईंनीं आंब्याखालीं बसून एक प्रकरण पुरें केलें आणि निळा पडदा दिसला नाहीं.

पुण्यास आमचा पुतण्या अभियंता आहे. त्यास फोनवर वही वाचून दाखविली तेव्हां तो प्रथम हंसला व मग गंभीर झाला. त्यानें आधीं विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवून स्मृतीची परीक्षा करावयास लाविली; तींत दोष निघाला नाहीं. दुसरी परीक्षा आम्हांस फार आवडली. वाय-फाय बंद करून मोबाइल यू. एस. बी. केबलनें जोडावयाचा व त्याचेंच इंटरनेट वापरावयाचें. तीन दिवस व्हिडिओ, फाइली, सर्व कांहीं झालें. यंत्र खंबीर राहिलें. म्हणजे दोष इंटरनेटचा नव्हे. तो एक तर वाय-फायच्या कार्डांत, नाहीं तर त्याच्या ड्रायव्हरांत.

हा ड्रायव्हर म्हणजे कोण? शब्दाचा अर्थ सारथि. पण काम दुभाष्याचें. कार्डाची भाषा विंडोजला समजत नाहीं व विंडोजची कार्डाला. मध्यें हा छोटा प्रोग्राम निरोप पोंचवितो. गोम अशी कीं, असे बहुतेक दुभाषे कर्नल नांवाच्या गाभाऱ्यांत बसतात. लेखनाचे, गाण्याचे प्रोग्राम सभामंडपांत असतात. तेथें कोणी घसरून पडला तर पूजा थांबत नाहीं. गाभाऱ्यांत समई उलटली तर दारेंच लावून घ्यावीं लागतात. निळा पडदा म्हणजे हीं लावलेलीं दारें. डिस्कवरील मजकुराची नासाडी होऊं नये म्हणून विंडोज स्वतः होऊन थांबतें. (2025 पासून विंडोज 11 मध्यें हा पडदा काळा झाला आहे व तें दुर्मुखलेलें तोंडही गेलें.)

थांबण्यापूर्वीं तें एक पंचनामाही लिहून ठेवतें. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरांत मिनिडंप नांवाचा कप्पा असतो, त्यांत या फाइली सांठतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्यें कर्नल-पॉवर 41 अशी नोंद दिसते खरी, पण यंत्र नीट बंद झालें नव्हतें एवढेंच ती सांगते. कारण सांगत नाहीं. पुतण्यानें मिनिडंप मागवून विनडीबीजी या साधनानें उघडले. बहुतेकांत एकच मथळा होता: ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. त्याचा अर्थ त्यानें असा सांगितला. कार्डाकडून तांतडीचा निरोप आला कीं प्रोसेसर हातचें काम टाकून तिकडे धांवतो. अशा घाईच्या वेळीं ड्रायव्हरानें फक्त हाताशीं असलेल्या स्मृतीलाच स्पर्श करावयाचा असतो. चुकीच्या किंवा हजर नसलेल्या पत्त्याकडे त्यानें हात घातला, तर तो मजकूर डिस्कवरून आणीपर्यंत थांबण्याची सोय त्या वेळीं नसते. मग सारेंच थांबवावें लागतें. पंचनाम्यांत वाय-फायच्या ड्रायव्हरफाइलीचें नांव होतें, आणि तिची नवी आवृत्ति दिवाळीच्याच आठवड्यांत अपडेटबरोबर आपोआप बसली होती.

उपाय मागें जाण्याचा. डिव्हाइस मॅनेजरमध्यें नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स, तेथें वाय-फायच्या नांवाचे प्रॉपर्टीज, त्यांत ड्रायव्हर, आणि रोल बॅक ड्रायव्हर असें बटण. आमचें बटण फिकट, दाबलें न जाणारें. जुनी प्रत यंत्रानें ठेविलीच नव्हती. म्हणून लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मोबाइलच्या केबलनें, मागील आवृत्ति आधीं उतरवून घेतली. चालू ड्रायव्हर काढतांना सॉफ्टवेअरही पुसावें या चौकटीत खूण केली, यंत्र पुन्हां सुरू करून जुनी आवृत्ति बसविली. नऊ दिवस शांततेंत गेले. घरांत पेढे वांटण्याचीही भाषा झाली.

दहाव्या दिवशीं पुन्हां निळा पडदा! सूनबाईंचा चेहरा पाहवेना. पण नातवानें वही उघडून सांगितलें कीं, आदल्या रात्रीं "अपडेट झालें" असा निरोप दिसला होता. पाहतों तों विंडोजनें नवा ड्रायव्हर परत आणून बसविला होता. खरें सांगावयाचें तर आम्हांस आनंदच झाला. तेंच कार्ड, तेंच यंत्र, तेंच घर. जुना ड्रायव्हर असतां स्वस्थ, नवा येतांच आजारी. कार्ड निर्दोष ठरलें, आणि अठरा हजारांचा मदरबोर्डही. जुना ड्रायव्हर पुनः बसवून डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज येथें 'नको' असें उत्तर दिलें. पुढें दोन महिन्यांनीं कंपनीनें सुधारलेली आवृत्ति काढली. ती बसविल्यावर कांहीं त्रास झाला नाहीं.

गाभाऱ्यांतील एका चुकीनें केवढा अनर्थ होतो, तें त्याच वर्षीं 19 जुलैला जगानें पाहिलें होतें. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचा प्रोग्राम असाच कर्नलमध्यें बसतो. त्याला पाठविलेली एक सदोष फाइल पोंचतांच मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें 85 लाख संगणक निळे पडले. मुंबईच्या विमानतळावरही रांगा लागल्या, आणि देशांत कांहीं ठिकाणीं प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आमच्या पुतण्याचें त्या दिवशीं पुण्याच्या कचेरींत कांहींच काम झालें नाहीं म्हणे. तेथेंही तोडगा तोच, सेफ मोडमध्यें शिरून ती फाइल काढून टाकणें. फरक इतकाच कीं, तो एकेका यंत्रापाशीं जाऊन करावा लागला.

सूनबाईंचा प्रबंध मुदतीच्या चार दिवस आधीं विद्यापीठांत गेला. नातवास आम्हीं सर्वांच्या देखत जवळ बोलाविलें व आमचें चुकलें असें सांगितलें. त्यानें जरा विचार करून विचारलें, "मग गेम?" गेम परत मिळाला, रोज अर्धा तास. वही त्याच्याचजवळ आहे; तींत तो हल्लीं आमच्या नळाला पाणी कोणत्या दिवशीं आलें व किती वेळ टिकलें याची नोंद करतो.